हत्तीचं पोट

शनिवारी सकाळी थोरलीनं पिशवीतून हत्ती बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. हत्ती राखाडी कापडाचा, हातभर लांब. डाव्या कुशीची शिवण चार बोटं उसवली होती आणि तिथून कापूस डोकावत होता.

"पाच टाके घालायचे," ती धाकटीला म्हणाली. "सहावा घालायचा नाही. उद्या संध्याकाळी मी मुंगीला घेऊन येते, तेव्हा हत्ती होता तसा पाहिजे."

मुंगी म्हणजे थोरलीची पाच वर्षांची मुलगी. तिला हे नाव आजीनं ठेवलं, आणि ती महिन्याची झाली तेव्हा हा हत्तीही आजीनंच शिवला. तेव्हापासून मुंगी त्याची सोंड मुठीत धरून झोपत आली होती. आजी जाऊन आठ महिने झाले, सोंड मात्र मुठीत होती. आता एका रात्रीपुरती ती मुठीतून काढून घ्यायची, तर हत्ती दवाखान्यात आहे आणि उद्या नक्की घरी येतो, असा शब्द थोरलीला द्यावा लागला होता.

बाबांनी विचारलं, की पाचच टाके तर ते तूच का नाही घालत. थोरली म्हणाली, "आईचं शिलाई मशीन हिच्याकडे आहे. आणि ही शिकतेय म्हणे."

त्या 'म्हणे'ला इतिहास होता. धाकटी मिक्सर, वॉशिंग मशीन वगैरेंची माहितीपुस्तकं लिहायची. कुठलंही काम क्रमांक घातलेल्या पायऱ्यांत बसवता येतं यावर तिची श्रद्धा होती. आई गेल्यावर तीन महिन्यांनी तिनं मशीनवरचं कव्हर काढलं आणि मुंगीसाठी फ्रॉक शिवला. फ्रॉक सगळीकडून छान होता, फक्त गळ्यातून डोकं बाहेर येईना. मुंगी दोन्ही हात वर करून आत अडकली आणि शेवटी कात्री आणावी लागली. मग पायजमा झाला. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले गेल्यामुळे तो घातला की मुंगी आपोआप डावीकडे वळायची.

दाराशी चपला घालताना थोरली धाकटीच्या अंगातल्या तपकिरी कार्डिगनकडे बघून म्हणाली, "आणि हे टाक आता. पोतं घातल्यासारखं दिसतंय." तो कार्डिगन गेल्या आठ महिन्यांत फक्त धुण्यापुरता अंगावरून उतरला होता. बाबा त्या कार्डिगनकडे रोज बघत, पण बोलत नसत.

थोरली गेली आणि धाकटीनं उसवणी हातात घेतली.

"शिवायचंय ना?" बाबा म्हणाले. "मग उसवतेस काय?"

तिनं पायऱ्या सांगितल्या. एक, आज टाके घातले तरी हत्ती पुन्हा फाटणार. दोन, म्हणून एक जादा हत्ती तयार हवा. तीन, आईनं हत्तीचा कागदी नमुना कधी काढलाच नाही. ती कात्री घेऊन थेट कापडाला भिडायची. चार, तेव्हा हा हत्ती सुटा करायचा आणि त्याचे भाग कागदावर गिरवून घ्यायचे. पाच, हत्ती परत जोडायचा. ही पाचवी पायरी तिनं आधीच्या चारांच्याच आवाजात सांगितली, त्यामुळे ती वेगळी आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन होते. जन्मभर लोकांच्या इमारतींचे नकाशे काढलेल्या या माणसाला आठ महिन्यांत कुणी साधी रेघ मारायला सांगितलं नव्हतं. ते आत गेले आणि पेन्सिल, पट्टी आणि मोठा कागद घेऊन आले. प्रत्येक सुट्या भागाला नंबर द्यायचा, नाहीतर घोटाळा होतो, असं त्यांनी बजावलं.

पोटातून आधी मूठभर कापूस निघाला. कापसाच्या मागे काहीतरी पिवळंजर्द, विणलेलं होतं. धाकटीनं ते ओढलं, तसं ते येतच राहिलं.

बाबांनी ते हातात घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "हा माझा स्वेटर आहे."

त्या स्वेटरवर बाबांचं फार प्रेम होतं, घरात इतर कुणाचंच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तो ड्रायवॉशला गेला आणि परत आला नाही. बाबांनी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याला भर दुकानात नाही नाही ते सुनावलं आणि तेव्हापासून कपड्यांचं बोचकं घेऊन दोन चौक पलीकडे जाऊ लागले. आईनं त्या वेळी त्यांची समजूत काढली होती. झाली असेल बिचाऱ्याची चूक, असंही ती म्हणाली होती.

"बिचाऱ्याची," बाबा आता म्हणाले.

"अजून आहे आत," धाकटी म्हणाली.

पुढची निघाली तिची स्वतःची निळी जीन्स, गुडघ्यांवर भोकं असलेली. ती थोरलीनं ढापली असं समजून तिनं दोन महिने बहिणीशी अबोला धरला होता. मग निघाला पोपटी शर्ट, त्यावर पांढरी बदकं. हा जावयांचा, म्हणजे मुंगीच्या पप्पांचा. जावई तो प्रत्येक कार्यक्रमाला घालायचे, फोटोत बाकीच्यांआधी बदकंच दिसायची. पुढे तो सहलीत हॉटेलात राहिला असं ठरलं आणि जावयांनी हॉटेलच्या मॅनेजरला तीन पत्रं लिहिली. तिसरं फारच कडक होतं. ते आईनंच वाचून सुधारून दिलं होतं.

"सोंडेत काही नसेल," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

सोंडेत एक घट्ट गुंडाळी होती, बारीक जांभळ्या फुलांची.

"हा गाऊन तिचाच," बाबा म्हणाले. "पडद्यासारखा दिसतो म्हणालो होतो मी एकदा. दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, देऊन टाकला."

"कुणालाच सोडलं नाही आईनं."

बाबांनी ती गुंडाळी उलगडली नाही. होती तशीच टेबलाच्या कडेला ठेवली. बाकी प्रत्येक गोष्टीला नंबर मिळाला, तिला त्यांनी दिला नाही.

दुपारी फोन वाजला तेव्हा हत्तीचे अकरा तुकडे आणि पोटातल्या ऐवजाचे चार ढीग झाले होते. थोरलीनं विचारलं, पेशंट कसा आहे. धाकटी म्हणाली, प्रकृती स्थिर आहे. पण मुंगीला हत्तीशीच बोलायचं होतं. धाकटीनं फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. बाबांनी डोळे मोठे करून नको-नको केलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि अखेर म्हणाले, "हॅलो."

"हत्ती आजोबांसारखा बोलतो," मुंगी म्हणाली.

"सर्दी झालीय," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

नमुना कागदावर उतरला. आता पाचवी पायरी. कडांना दोरे लोंबत होते ते वाईट दिसतात म्हणून धाकटीनं सगळ्या कडा कात्रीनं साफ केल्या. त्या कडा म्हणजे शिवणीसाठी सोडलेली माया होती, हे तिला टीप मारायला बसल्यावर कळलं. आता शिवण आणखी आत घ्यावी लागली आणि हत्ती सगळीकडून बोटभर बारीक झाला. तरीही टीप सरळ आली. कमरेपासून निघून पाठीवरून, डोक्यावरून, पायांना वळसा घालून ती पुन्हा कमरेपाशी आली. धाकटी आयुष्यात पहिल्यांदा इतकं सुबक शिवली होती.

बाबांनी हत्ती हातात घेऊन फिरवला. "हा उलटा आहे."

"हो. शिवून झाल्यावर सुलट करायचा असतो."

"कुठून?"

हत्ती चहूबाजूंनी बंद होता. कान आत, सुळे आत, कापडाची चांगली बाजू आत. बाबा म्हणाले, घराला दार नसलं तर आमच्यात नकाशा पास होत नाही. धाकटीनं पुन्हा उसवणी घेतली आणि पोटाला दार केलं. हत्ती सुलट झाला. तेवढ्यात टेबलावर एक तुकडा उरलेला दिसला. सात नंबर. बाबांनी नकाशा पाहिला आणि हळूच म्हणाले, "शेपूट."

शेपूट हातानं शिवली, आणि शनिवार तिथंच संपला.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठं ते त्यांनी सांगितलं नाही. अर्ध्या तासानं परत आले ते खुर्चीत बसून राहिले. ते कोपऱ्यावर माफी मागायला गेले होते. लॉन्ड्रीवाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं, की साहेब, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाईच येऊन स्वेटर घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, साहेब ओरडायला लागले की नुसतं मान खाली घालून उभं राहायचं. त्याबद्दल बाईंनी त्याच्या मुलीला दर वर्षी दोन फ्रॉक शिवून दिले.

"दर वर्षी?" धाकटीनं विचारलं.

"म्हणाला, तुम्ही आणखी जरा ओरडायला हवं होतं." बाबांच्या चेहऱ्यावरून ते चिडलेत की काय, ते कळत नव्हतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. खूप वेळ हसत होते आणि मग त्यांनी चष्मा पुसला.

आता भरणं. सोंडेची गुंडाळी बाबांनी स्वतः सरकवली, पेन्सिलीच्या टोकानं शेवटपर्यंत नेली. पण पोटाचं जमेना. हत्ती बारीक झाला होता आणि ऐवज तेवढाच होता. स्वेटर घातला की जीन्स बाहेर यायची, जीन्स दाबली की शर्टाची बदकं दारातून बघायची.

"जावयांचा शर्ट वगळू," बाबा म्हणाले. हे त्यांनी जरा जास्तच तत्परतेनं सुचवलं. धाकटीनं शर्ट मशीनच्या खणात लपवला आणि हत्तीचं दार बारीक टाक्यांनी बंद केलं.

संध्याकाळी तिघं आली: थोरली, जावई आणि सगळ्यांत पुढे मुंगी. तिनं हत्ती घेतला. आधी सोंड दाबली. पुन्हा दाबली. मुंगीनं मान डोलावली, मग हत्ती पोटाशी धरला आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"बारीक झालाय."

"दवाखान्याचं जेवण," बाबा म्हणाले.

थोरलीनं टाके पाहिले आणि बहिणीकडे पाहिलं. टाके पाचाहून बरेच जास्त होते. पण ती काही बोलायच्या आत मुंगीनं मावशीचा कार्डिगन धरून तिला आतल्या खोलीत ओढलं. बाबा मागोमाग गेले. मुंगीनं दार लोटलं.

"पिवळं आहे?" तिनं कुजबुजत विचारलं.

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. "आहे," ती म्हणाली.

"निळं?"

"तेही आहे."

"बदकं?"

धाकटीची नजर कोपऱ्यातल्या मशीनच्या खणाकडे गेली.

"आजीनं मला सगळं दाखवलं होतं," मुंगी म्हणाली. "एकदा टाका सुटला होता तेव्हा. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. मी रोज बोट घालून बघते सगळे आहेत का. म्हणून तर भोक पडलं." मग तिनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथं जावई चहाची वाट बघत होते. "पप्पांना विचारू, बदकं कुठं गेली?"

बाबा धाकटीला शांतपणे म्हणाले, "दार उघड."

बाहेर थोरलीनं दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, की टाके काढणं चालू आहे. मुंगीनं स्वतः बदकं आत ढकलली, एका हातानं भोक धरून दुसऱ्या हातानं, कशी बसतात ते तिला माहीत होतं. हत्ती पुन्हा फुगला. घरी जाताना ती पप्पांच्या खांद्यावर होती आणि हत्ती तिच्या मुठीत सोंडेनं लोंबत होता. बदकं जावयांच्या पाठीला टेकली होती.

पुढच्या महिन्यात जादा हत्ती तयार झाला. नमुना होताच. या वेळी माया सोडली होती, दार ठेवलं होतं आणि शेपूट पहिल्या फेरीत बसली होती. धाकटीनं भरायला नवा कापूस आणला आणि एका दुपारी धुणं वाळत टाकून, हत्तीचं पोट उघडंच ठेवून कामावर गेली. परत आली तेव्हा पोट शिवलेलं होतं. टाके लांबलचक, पण सरळ रेषेत, पट्टी लावून घातल्यासारखे. कापूस पिशवीत जवळजवळ होता तेवढाच होता.

संध्याकाळी जरा गार वाटायला लागलं. तिनं खुंटीकडे हात केला, मग कपाट पाहिलं, दोरीवर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं.

"बाबा, माझा कार्डिगन पाहिला?"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

"लॉन्ड्रीवाल्याला विचार," ते म्हणाले.