केबलला वळण लावणारे शमुवेलमामा

आमच्या गल्लीतले शमुवेलमामा माणसांशी कमी आणि वायरीशी जास्त बोलतात. साखर कारखान्यातून वायरमन म्हणून रिटायर झालेला हा माणूस स्टुलावर चढला, की भिंतीकडे तोंड करून सुरू होतो, "ये माझ्या राजा. आखडू नको. जरा वळ की." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणतायत. मी आपली दोन पावलं मागे सरकले!

माझ्या गिझरची लाइन त्यांनीच ओढली. केबल जाडजूड, आणि मीटरपासून न्हाणीपर्यंत दाराची चौकट, बीम आणि एक मेला अडचणीचा कोपरा. दुसरा कुणी असता तर ठोकून काटकोनात बसवून मोकळा झाला असता. मामांनी आधी केबल गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी पसरली. "थंडीची आखडती ती. ऊन खाऊ द्या तिला."

मग तांब्या मागितला. मी पाणी भरून दिलं, तर ते कुंडीत ओतून त्यांनी तांब्याच्या पोटाभोवती केबल हळूहळू फिरवली. "येवढं वळण पायजे. याच्याहून तंग केलं की आतून दुखावती. वरून दिसत न्हाई, अन् एक दिवस जळती." पाइपातून सरकावी म्हणून माझी भारीतली पावडरही अर्धी संपवली.

आमचे मिस्टर कंटाळून म्हणाले, "मामा, मारा की दोन ठोके!"

"पोराला वळण ठोकून लावता का तुमी?"

आमच्या घरात त्या दिवसांत तोच प्रयोग चालू होता.

वायरीवर एवढी माया, पण सख्ख्या धाकट्या भावाशी, दावीदमामांशी, बोलणं बंद. वाटणीच्या वेळी घरातली मधली भिंत वीतभर इकडे घ्यायची की तिकडे, यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. नाताळातसुद्धा या दारातून त्या दारात फराळाचं ताट जात नव्हतं. काय म्हणावं आता!

यंदा दावीदमामा दवाखान्यातून ऑक्सिजनचं मशीन घेऊनच घरी आले. मीटर थोरल्याकडे, आणि तिथून धाकट्याच्या खोलीत गेलेली जुनी वायर अगदीच बारीक. मशीन लावलं की ती तापायची, करपल्याचा वास यायचा. बंद केलं की दावीदमामांना धाप लागायची. त्यांची बायको रूथमावशी माझ्याकडे येऊन रडली. मी तणतणत शमुवेलमामांकडे गेले. "मामा, भाऊ गेल्यावर भिंत काय चाटायचीय का?"

तोंड वाजवून मी परत आले. सकाळी पाहते, तर त्यांच्या पत्र्यावर नवी जाड केबल ऊन खात पडलेली! माझा जीव भांड्यात पडला.

मधल्या भिंतीला भोक पाडून मामांनी केबल पलीकडे काढली आणि रूथमावशीच्या मागोमाग भावाच्या खोलीत शिरले. मी स्टूल धरायला. मेन बंद होता म्हणून तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा सिलिंडर आणलेला. मामांनी खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात वाईट कोपरा नेमका भावाच्या उशाशी. ते वर चढले आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटायला लागले.

"आखडू नको रे. किती आखडशील?"

"मी कुठं आखडलोय?" खाटेवरून दमलेला आवाज आला. "तूच आखडलायस, दादा."

मामांचे हात थांबले. "तुला कोन बोललं? मी वायरीशी बोलतोय."

"मग माज्याशी बोल की."

रूथमावशीने तोंडाला पदर लावला. माझ्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामांनी कोपरा पुरा केला, क्लिपा ठोकल्या, पलीकडे जाऊन मेन चालू केला. मशीन घरघरायला लागलं. परत येऊन त्यांनी केबलवर हात ठेवून पाहिला. गार होती. मग ते खाटेच्या कडेला टेकले, भावाच्या पायावरची चादर सारखी केली आणि खाली मान घालून विचारलं, "जेवलास का?"