डचेसबाई दूधघर बघायला येतात

लोणी काढण्यात माझा हात धरणारं अख्ख्या श्रॉपशरमध्ये कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगावं म्हणून वाट बघत बसले, तर जन्म जायचा!

त्यामुळे आमच्या सर ॲम्ब्रोजसाहेबांनी आदर्श शेतवाडी बांधायला काढली, तेव्हाच मी ठरवलं, तिथलं दूधघर माझं! काय ते दूधघर! आठ कोनांचं, रंगीत काचांचं, निळ्या फरशीचं. साहेबांनी अट घातली, "टॅबिथा, डचेसबाई बघायला येताहेत. त्यांनी तुझं कौतुक केलं, तर दूधघराच्या किल्ल्या तुझ्या. नाहीतर लंडनहून शिकलेली बाई आणतो."

शिकलेली बाई! म्हटलं, बघतेच कशी येते ती.

अडचण एकच होती. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, हे साहेबांचं वेड. घड्याळाच्या मनोऱ्याच्या डाव्या अंगाला दूधघर, म्हणून उजव्या अंगाला हुबेहूब तस्साच डुकरांचा गोठा! तेच आठ कोन, त्याच काचा, तीच फरशी. डुकरं तेवढी आत बुटक्या भिंतीपलीकडे. दारावर पाटी लावू म्हटलं, तर साहेब खेकसले, "पाटीनं शोभा जाते!"

ठरल्या दिवशी मी लोण्याचा सुंदर हंस घडवून, तो ताटात घेऊन दूधघराच्या दारात उभी राहिले. पण पुढच्या रस्त्यावर झाड पडलं होतं, म्हणून बग्गी आली मागच्या फाटकातून. मागून आलं की डावं ते उजवं! गाडीवानाला 'डावीकडची इमारत' एवढंच ठाऊक. त्यानं बग्गी थेट डुकरांच्या दारात लावली, आणि डचेसबाई ऐटीत आत शिरल्या!

मी हंसासकट अंगण ओलांडून धावले. साहेब दारातच घामाघूम झाले होते.

"साहेब, सांगा ना त्यांना!"

"डचेसला सांगू? 'तुम्ही चुकलात' म्हणून? आमच्या घराण्यात असं आजवर कोणी केलेलं नाही!"

पण माघार घेईन तर मी टॅबिथा कसली? बाई याला दूधघर समजताहेत ना? मग हे दूधघर!

आत डुकरं सांभाळणारा ओबडाया भिंतीला चिकटून उभा होता.

"टॅबी, मी काय करू गं?"

"गप्प राहा, आणि गवळ्यासारखा दिस!"

डचेसबाईंना हातभरापलीकडचं दिसत नसे, आणि चारचौघांत चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"किती गार! किती स्वच्छ! पण हा वास कसला गं?"

"चीज मुरतंय, बाईसाहेब."

"आणि हा आवाज?"

"लोणी घुसळायचं यंत्र."

"फारच घुरघुरतं!"

"तेल घालायला झालंय, बाईसाहेब," ओबडाया म्हणाला. एवढी अक्कल त्याला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आमची थोरली डुकरीण भिंतीवर पुढचे पाय टेकून उभी राहिली.

"ती कोण वाकून बघतेय?"

"ती... मदतनीस आहे. मॉड."

"चांगली गुटगुटीत आहे! लाजू नकोस गं मॉड, ये, तूही चाख!"

बाईंनी माझ्या हातातलं ताट तिच्यापुढे धरलं. मॉड लाजली नाही. हंस मानेसकट एका घासात गेला!

साहेबांनी डोळे मिटले. मी देवाचा धावा सुरू केला.

"वा!" डचेसबाई म्हणाल्या. "नोकरमाणसं इतकी मनापासून खाताना मी कुठल्याच घरी पाहिली नाहीत. सर ॲम्ब्रोज, ही टॅबिथा म्हणजे रत्न आहे, रत्न! हिला या इमारतीतून कधीही हलवायचं नाही. मला शब्द द्या!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हलवून 'नको' म्हणत होते.

"शब्द दिला, बाईसाहेब," साहेब म्हणाले.

आणि डचेसला दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत! तेव्हापासून मी आहे डुकरांपाशी, आणि ओबडाया रिकामा झाला म्हणून साहेबांनी त्याला दूधघरात नेमलं. त्याचं लोणी माझ्यापेक्षा बरं होतं, असं लोक म्हणतात.

मी चाखलेलं नाही. चाखणारही नाही!