काडेपेटीतली नाळ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझी ही मिशी उतरवून त्या पितळी खलबत्त्यात कुटायला देईन.

आज आमच्या घरी नातवाचा सातवा दिवस. सकाळी पोराला चाळणीत निजवलं, त्याच्या आईने त्याला सात वेळा ओलांडलं, घरभर मीठ उधळलं, आणि जावयाच्या आजीने त्याच्या कानाशी खलबत्ता बडवत रीतीप्रमाणे बजावलं, "आईचं ऐक रे, बापाचं ऐकू नको!" इथवर सगळं ठीक झालं. मग दुमयातहून आलेल्या जावयाच्या मंडळींनी विषय काढला, पोराची नाळ टाकायची कुठे? नाळ पडेल तिथलं पोर होतं म्हणतात. कुणी म्हणालं मशिदीत, कुणी म्हणालं कोर्टाच्या आवारात. जावई म्हणाला, "इंजिनिअरिंग कॉलेजात. मीच जाऊन पुरून येतो," आणि नाळेची काडेपेटी खिशात घालायला लागला.

तेव्हा मला राहवेना. म्हटलं, बाबा रे, खाली बस. खिशात काय घालतोस ते समजण्याआधी बदीरची गोष्ट ऐक.

बदीर आमच्याच पाणीखात्यात मीटर वाचायला होता. एकतीस वर्षं झाली. तुम्ही त्याला ओळखत नाही, आणि ओळखायच्या भानगडीत पडू नका. माणूस ताडमाड उंच, जीभ त्याहून लांब. थाप मारल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. पण घरात मात्र हसू आटलेलं. त्याच्या बायकोची, सनिय्याची, पहिली दोन्ही बाळं चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत गेली. एवढ्याशा ओझ्याला खांदेकरी लागत नाहीत. दोन्ही वेळा बदीर पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं हातांवर घेऊन कबरस्तानात गेला, आणि दोन्ही वेळा कबरस्तानाच्या दसूकी काकाने ते त्याच्याकडून घेऊन आत ठेवलं.

तिसरी मुलगी झाली. सहाव्या दिवशी तिची नाळ गळून पडली. सनिय्याने ती कापसात गुंडाळली, रिकाम्या काडेपेटीत ठेवली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मेडिकल कॉलेजच्या बागेत पुरायची," ती म्हणाली. "दोघांच्या वेळी डॉक्टरांनी हात टेकले. ही स्वतःच डॉक्टर होईल, मग कुणाच्या दारात बसायला नको."

"आत्ता जातो."

"उजव्या खिशात ठेवा. तुमच्या काड्या डाव्या खिशात. वाटेत कुठे थांबायचं नाही. आणि आल्यावर कुठे पुरली ते मला सांगायचं. खरं सांगायचं."

"मी कधी खोटं बोललोय?"

सनिय्याने काडेपेटी स्वतःच त्याच्या उजव्या खिशात घातली.

बदीर निघाला तो सरळ कॉलेजच्या रस्त्याला लागला. अर्ध्या वाटेत समोरून जनाजा आला. हज करून आलेले मासळीवाले हाज मितवल्ली वारले होते. या माणसाने आयुष्यभर मासळी विकली आणि उरलेली स्वतः खाल्ली. जनाजा दिसला की चार पावलं खांदा द्यायचा, मागचा माणूस पुढे येतो, आपण मोकळे होतो, ही आपली रीत. बदीरने डावा खांदा दिला. चार पावलं झाली, चाळीस झाली. मागून कुणी पुढे येईना.

"अरे भाऊ, बदला की कुणीतरी!"

"कसं बदलणार? तुमच्याइतका उंच कुणी नाही. तुम्ही सुटलात की हाज लवंडतील."

"मला काम आहे हो, महत्त्वाचं!"

"यांनाही होती कामं," मागचा म्हणाला. "चला पुढे."

असा तो कॉलेजला पाठ करून थेट कबरस्तानात पोचला. आपल्या मन्सूराकडे खाली पाणी लागतं, म्हणून कबरी जमिनीवर, विटांच्या. तोंड उघडायचं, माणूस आत सरकवायचा, पुन्हा विटांनी बंद करायचं. दसूकी काका कंदील घेऊन गुडघ्यांवर आत शिरत होता. तोंडाशी थांबून तो ओरडला, "वारा सुटलाय रे! कुणीतरी काडेपेटी द्या. कंदील विझला तर अंधारात कुणाच्या अंगावर कुणाला ठेवीन, सांगता येत नाही."

बदीरचा डावा हात मुंग्या येऊन मेला होता. त्याने उजवा हात उजव्या खिशात घातला आणि काडेपेटी पुढे केली.

आलं लक्षात? त्याच्या नाही आलं. दसूकी आत गेला, बाहेर आला, विटा रचल्या, वर चिखल थापला. लोक फातिहा म्हणून पांगले. बदीरने सिगारेट ओठात धरली, हाताच्या मुंग्या गेल्यावर डाव्या खिशातून पेटी काढली, आणि ती खुळखुळली. उजव्या खिशात बोटं घातली. खिसा रिकामा.

"काका! माझी काडेपेटी?"

दसूकी हात धूत होता. "आत राहिली वाटतं. कंदील काही विझला नाही. हाजच्या उशाशी असेल पडलेली."

"काढून द्या ना."

"एका काडेपेटीसाठी आत्ताच झोपलेल्या माणसाला उठवू? ही घे माझी."

नाळ मशिदीत गेली तर पोर नमाजी होतं, कोर्टात गेली तर वकील. कबरीत गेली तर काय होतं हे विचारायला बदीरला मशिदीतल्या कुणा शेखकडे जायची गरज नव्हती. त्या कबरीपासून वीस पावलांवर त्याची दोन बाळं होती. तो त्यांच्यापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग घरी गेला.

"पुरली?" सनिय्याने विचारलं.

"पुरली. कॉलेजच्या बागेत, गुलाबाखाली."

"कुठल्या गुलाबाखाली?"

"लाल."

सनिय्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणून पोरीला पाजायला घेतलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी पोरीला ताप भरला. बदीर धावत दसूकीकडे गेला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. दसूकी ऐकत होता आणि त्याची मिशी एका बाजूने सारखी उडत होती.

"कबर उघडा काका. तुमच्या पाया पडतो."

"हाजच्या पोरांना विचार. काय सांगशील? तुमच्या बापाच्या उशाशी मी कापसात गुंडाळून माणसाच्या मांसाचा तुकडा ठेवलाय? करणी केली म्हणतील. गेल्या महिन्यात कबरीत टाचण्या टोचलेली बाहुली सापडली, तर ज्याच्यावर संशय आला त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. आणि ती फक्त बाहुली होती."

"मग मी करू काय?"

"ती कबर उघडते एकाच वेळी. त्या घरातलं दुसरं माणूस आलं की."

"घरात... कुणी आजारी आहे का?"

"हाजची बायको तफीदा. ऐंशी वर्षांची. खाटेला खिळलीय. महिनाभराची सोबती, असं म्हणतात." दसूकीची मिशी पुन्हा उडाली. "जा, समाचार घेऊन ये. पुण्य लागेल."

तर मंडळी, बदीर रोज संध्याकाळी समाचाराला जाऊ लागला. पोरीचा ताप उतरला होता. तिला जरा वाऱ्यावर फिरवून आणतो असं सांगून तो तिला छातीशी घेऊन निघायचा, म्हणजे बायकोला शंका यायला नको. हाजचा थोरला फरहात दार उघडायचा.

"कशी आहे आई आज?"

"आज जरा बरी आहे, देवाची कृपा."

"अरेरे! म्हणजे... अरे वा!"

मरायला टेकलेल्या बाईची चौकशी करताना चेहरा कसा ठेवावा, हे बदीरला शेवटपर्यंत जमलं नाही. ती खोकली की त्याचं काळीज उडायचं, खोकला थांबला की बसायचं. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटायची, की तो उठून तिच्या पायांवरची चादर नीट करायचा. त्यावर घरचे म्हणायचे, पोटचा मुलगाही एवढं करत नाही. फरहात मान खाली घालायचा.

गडबड केली ती पोरीने. म्हातारीने अन्न सोडलं होतं. एके दिवशी बदीरने पोरीला तिच्या खाटेवर ठेवलं, तर पोरीने म्हातारीचं बोट धरून तोंडात घातलं. म्हातारी हसली आणि तिने दोन चमचे सार मागितलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून बदीरला पाच मिनिटं उशीर झाला, की फरहात स्वतः बोलवायला हजर. सनिय्याला हे कळलं तशी तीही कबुतराचं सार करून द्यायला लागली. घट्ट, मिरपूड घातलेलं, आठवड्यातून तीनदा.

"एवढं कशाला करतेस?" बदीर कळवळून म्हणायचा.

"म्हातारं माणूस आहे. ताकद यायला हवी."

पोरीचे चाळीस दिवस पुरे झाले. त्या दिवशी सनिय्या भिंतीला तोंड करून रडली, आणि बदीर पोरीला घेऊन म्हातारीकडे गेला. पोरीचा पहिला दात फुटला तो म्हातारीच्या बोटावर. पोर पहिल्यांदा उभी राहिली ती म्हातारीच्या खाटेचा पाय धरून. त्याच आठवड्यात म्हातारीही उभी राहिली. पुढच्या आठवड्यात ती काठी टेकत दुकानात गेली आणि कोळंबी शिळी आहे म्हणून दोन्ही मुलांना रस्त्यात उभं करून झापलं.

"बदीर," ती त्याला म्हणाली, "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मी ठरवलंय, तुझ्या पोरीचं लग्न पाहूनच जाईन."



आता पुढचं नीट ऐका, कारण विश्वास बसणार नाही तो इथे. आठवा महिना लागला, ईद आली. सकाळी सगळं मन्सूरा नमाजाला गेलं आणि बदीर गेला कबरस्तानात. पावसाने चिखल भेगाळला होता. त्याने चार विटा काढल्या आणि ते ताडमाड शरीर घडी करून आत घातलं. आत काय दिसलं असेल? हाज मितवल्ली उजव्या कुशीवर, जसे ठेवले तसे, आणि काडेपेटी उशाशी नाही! ती होती हाजच्या मुठीत. घट्ट. बदीर म्हणाला, "हाज, तुमच्या बायकोला मी मरणाच्या दारातून आणलं. आता माझ्या पोरीला सोडा." त्याने एक बोट उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडेना. तेव्हा हाजनी, देवाशपथ सांगतो, एक लांब सुस्कारा टाकला, ज्याला सुकवलेल्या खाऱ्या मासळीचा वास होता, आणि मूठ सैल सोडली.

बदीर पेटी घेऊन पळाला तो कॉलेजात जाऊन थांबला. लाल गुलाबाखाली खड्डा केला, नाळ पुरली. आणि नाळेने दोन्ही मुक्कामांचा मान राखला. पोरगी डॉक्टर झाली, पण आठ महिने मेलेल्यांत काढले होते ना, म्हणून मेलेल्यांची. आज ती सरकारी शवागारात प्रेतं तपासते. याहून मोठा पुरावा काय देऊ?

बोलून मी चहाचा घोट घेतला. दुमयातची सगळी मंडळी सावकाश वळून माझ्या लेकीकडे, शाहिंदाकडे, पाहत होती. शाहिंदा आमच्या सरकारी शवागारात डॉक्टर आहे हे लग्न जुळवताना त्यांना सांगितलेलं होतं. आजीबाईंनी खलबत्ता पोटाशी धरला होता. प्रत्येकाचा विश्वास बसलेला दिसत होता आणि मला मिशीची काळजी वाटू लागली.

"बाबा," शाहिंदा बाळाला थोपटत म्हणाली, "हा बदीर कोण?"

"खोटं!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. माझी बायको हातात तबक घेऊन उभी होती. कधीपासून, देव जाणे.

"कुठलं खोटं?" मी म्हणालो. "सगळ्यांचा विश्वास बसलाय."

"कबरीतलं. कबरीत काडेपेटी नव्हतीच. दसूकी काकाच्या कंदिलाच्या टोपलीत पडली होती. तिसऱ्या दिवशी, तुम्ही कामावर गेल्यावर, तो ती घेऊन दारात आला. उघडून पाहिली होती त्याने. कुणाची ते त्याला विचारावं लागलं नाही. आपल्या आधीच्या दोन्ही बाळांना त्यानेच ठेवलं होतं ना आत."

खलबत्ता आजीबाईंच्या मांडीवरून घसरला. कुणी उचलला नाही.

"मग तू मला..."

"मी त्याला शपथ घातली, बोलायचं नाही. म्हटलं, माझा नवरा सांगेल मला. आज सांगेल, उद्या सांगेल. ओल्या बाळंतिणीने कॉलेजपर्यंत चालत जाऊन मीच पुरली ती. आणि तिथे गुलाब नव्हता हो, शाहिंदाचे बाबा. लाल नाही, पांढरा नाही, एकही नाही. तुम्ही म्हातारीच्या मरणाची वाट पाहत बसलात, म्हणून तिने मरू नये एवढी कबुतरं मी शिजवली. एकतीस वर्षं थांबलेय मी. आज सांगितलंत, तेही दुसऱ्याचं नाव घालून."

माझ्या तोंडून थाप निघेना. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी मी म्हणालो, "पण नाळ कबरीत नव्हती, तर पोरगी मेलेल्यांची डॉक्टर झाली कशी?"

बायकोने तबक खाली ठेवलं, जावयाच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"मरायला टेकलेल्या बाईच्या उशाशी तिला आठ महिने रोज कोण घेऊन बसलं?"