शिरगावच्या नऊ चपला

"माणसाच्या पायाकडे एकदा बघितलं की त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं," गोकुळदास सांगायचे. "अशी नजर अख्ख्या डिचोली तालुक्यात एकाच माणसाला लाभली आहे, आणि तुमचं भाग्य असं की तो आत्ता तुमच्याशी बोलतो आहे."

हे भाग्य बहुतेक वेळा कृष्णनाथच्याच वाट्याला यायचं. गोकुळदासांनी बत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्यावर चार दिवस ते घरात बसले आणि पाचव्या दिवशी त्यांनी आपण गुप्तहेर असल्याचं जाहीर केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: गुप्तहेर करतो काय? लोकांच्या परसात शिरतो, वाकून बघतो, वहीत आकडे लिहितो आणि कुत्री अंगावर घेतो. मग हे सगळं आपण बत्तीस वर्षं सरकारी पगारावर केलंच की. कृष्णनाथ हा त्यांचा मदतनीस. गुडघे गेल्यामुळे त्याने शिवणाचं दुकान बंद केलं होतं, आणि मदतनीस व्हायला लागणारी स्कूटर त्याच्याकडे होती. दुसरी लागणारी गोष्ट म्हणजे सहनशक्ती, ती त्याने हळूहळू कमावली.

शिरगावची भानगड गोकुळदासांना न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी राहिली होती तेवढी उरकून ते तसेच स्कूटरवर बसले. सुविधा ही त्यांच्या मावसबहिणीची मुलगी. तिच्या घरी साडेचार महिन्यांचं एक पिल्लू होतं. आणलं तेव्हा इतकं गोल होतं की नाव भोपळा पडलं. या भोपळ्याने महिन्याभरात नऊ चपला फाडल्या होत्या. आठ घरच्या होत्या, त्या पचल्या. नववी मात्र पेडण्याहून आलेल्या पाहुण्यांची होती. सुविधाच्या नणंदेला, सायलीला, बघायला माणसं आली होती, आणि मुलाच्या वडिलांना न्हाणीघरातल्या निळ्या सपाता घालून पेडण्याला परत जावं लागलं. रविवारी ती मंडळी पक्कं करायला पुन्हा येणार होती. म्हणून सुविधाच्या नवऱ्याने, महादेवने, फर्मान काढलं होतं की रविवारी सकाळी त्याचा चुलतभाऊ गुरुदास येईल आणि पिल्लाला सत्तरी तालुक्यातल्या आपल्या काजूच्या बागायतीत राखणीला घेऊन जाईल. त्या बागायतीत गेल्या वर्षी दोन कुत्री बिबट्याने नेली होती. सुविधा दोन दिवस धड जेवली नव्हती.

"मामा, तुमका कोणी सांगला?" दारात गोकुळदासांना बघून ती म्हणाली.

"गुन्हाच मला बोलावतो, सुविधा."

"न्हाव्याने सांगितलं," कृष्णनाथ म्हणाला.

भोपळा पडवीत गोणपाटावर पसरला होता. गोकुळदासांनी त्याच्या चारी पंजांकडे टक लावून बघितलं आणि निकाल दिला की हा जीव निर्दोष आहे, त्याच्याकडून कोणीतरी हे करवून घेतंय. आयुष्यात पहिल्यांदाच ते पहिल्या फटक्यात बरोबर होते. पण ही गोष्ट त्यांना स्वतःला शेवटपर्यंत कळली नाही.

गोणपाटाच्या वर खिडकीच्या गजाला सुतळीने एक जुनी चप्पल बांधलेली होती. कृष्णनाथने तिकडे बोट दाखवलं.

"दिश्टीक बांधलंय," सुविधाची सासू जानकी म्हणाली. "किती गुबगुबीत आसा बघा. येता-जाता लोक बघीत रवतत."

"अगदी योग्य," गोकुळदास म्हणाले. "ट्रकाला बांधतात, फणसाला बांधतात. याला का नको? कृष्णनाथ, ही चप्पल तपासातून वगळ." कृष्णनाथने वगळली.

पहिला संशय सायलीचं लग्न मोडू पाहणाऱ्या अज्ञात इसमावर गेला. त्याने पाहुण्यांच्या चपलेला बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, फासलं असणार. हे सिद्ध करायला उरलेल्या सगळ्या चपलांचा वास घेणं भाग होतं. वास गोकुळदासांच्या सांगण्यावरून कृष्णनाथने घेतला. हुमण कुठेच सापडलं नाही, पण त्या दिवशी त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसरा संशय डिचोलीच्या बाजारातल्या एका चपलांच्या दुकानदारावर. नऊ जोड फाटले म्हणजे नऊ जोड विकले गेले, आणि ज्याचा फायदा तोच गुन्हेगार. शुक्रवारी दोघांनी दीड तास त्या दुकानावर पाळत ठेवली. दुकानदाराने शेवटी विचारलं, "काका, नंबर कितीचा?" संशय येऊ नये म्हणून कृष्णनाथला आठ नंबरच्या चपला घ्याव्या लागल्या. त्याचा पाय सहा नंबरचा.

तिसरा संशय घरातच निघाला. शनिवारी दुपारी महादेव खाणीवरून टिपर घेऊन घरी आला. तोंडावर लाल धूळ, पोटात भूक. गोकुळदासांनी त्याला समोर बसवलं, हातात एक उंडो दिला आणि म्हणाले, "चाव."

महादेवने चावा घेतला. गोकुळदासांनी उरलेला पाव काढून घेतला आणि मीटरच्या काळातल्या फूटपट्टीने दातांची खूण मोजायला घेतली. कुत्र्याला घालवायची घाई कोणाला? महादेवला. मग चपला चावणारा महादेवच कशावरून नाही?

"मामा," महादेव शांतपणे म्हणाला, "मोजून झाला की पाव परत द्या. आणि पावावांगडा चाय आसली तर बरी."

हे मोजमाप चालू असताना पायरीवरून गोकुळदासांची डावी सँडल नाहीशी झाली. सापडली तेव्हा तिचं फक्त बक्कल ओळखता येत होतं. गोकुळदासांनी क्षणभर डोळे मिटले. मग बायकोला फोन लावला आणि घरातल्या जुन्या चपला घेऊन पुढच्या बसने यायला सांगितलं. उजवी सँडल शाबूत होती. ती आता काय कामाची, म्हणून जानकीने ती दृष्टीसाठी मागून घेतली. गोकुळदासांनी दानशूरपणे ती गजाला स्वतःच्या हाताने बांधली.

विनोदिनी तासाभराने आली. ती मूळची कारापूरची, माहेरी गोठ्यात आणि अंगणात कायम चार कुत्री. तिने नवऱ्याच्या पायाकडे बघितलं. चपला त्याच्यापुढे टाकल्या आणि भोपळ्यापाशी उकिडवी बसली. तो तिचा हात चघळू लागला, तसं तिने त्याचा ओठ वर करून बघितलं. तांदळाएवढा एक दात तिच्या तळहातावर पडला.

"दुधाचे दात पडतायत. हिरड्या शिवशिवतात याच्या," ती म्हणाली. "पण चपलाच कित्याक खाता हो? खुर्चेचे पाय आसत, पायपुसणां आसा."

तेवढ्यात भोपळा उठला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, गजाला बांधलेली सँडल त्याने सराईतपणे खाली ओढली आणि गोणपाटावर घेऊन बसला. घरातलं कोणी हललंसुद्धा नाही.

विनोदिनीने जानकीकडे बघितलं. "ही आज बांधली. काल खंयची होती?"

"काल महादेवाची. तीय दिश्टीन खाल्ली," जानकी म्हणाली. "लय कडक दिश्ट आसा गो. बांधलेली चप्पल सकाळपर्यंत रवना. म्हणून मी रोज नवी बांधतंय."

"कधीपासून?"

"म्हयनो जालो."

भोपळ्याने सँडलचा पट्टा ओढून तोडला.

"म्हणजे महिनाभर," विनोदिनी सावकाश म्हणाली, "रोज या पोराच्या तोंडापुढे तुम्ही एक चप्पल टांगता. तो खातो, कोणी ओरडत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी मिळते. आणि पायरीवरची खाल्ली की मार. जुनी कुठली, नवी कुठली, आणि पेडणेकरांची कुठली, हे त्याला कळणार कसं?"

जानकीने तोंडाला पदर लावला. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. "माका वाटलां, तेचा बरा जावंदे."

मग एवढ्या चपला आल्या कुठून ते हळूहळू बाहेर पडलं. काही शेजारणीने दिल्या होत्या, दोन सायलीने कपाटामागून काढून दिल्या होत्या, सुविधाने तर चांगली शिवता येण्यासारखी एक दिली होती. गोकुळदास खाकरले. "कृष्णनाथ, आरोपींची नावं लिहून घे."

"लिहिली. तुमचं शेवटी घातलंय, आजच्या तारखेने."

"आणि हा घरात आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत?" विनोदिनीने विचारलं. "सगळ्यांत पहिली चप्पल कोणाची?"

जानकीने महादेवकडे बघितलं. महादेव उंड्याच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होता.

"तेणांच हाडली," ती म्हणाली. "टिपराच्या मागची. हो भोपळो इवलोसो होतो, रात्रभर रडत होतो, तेव्हा ह्येणां ट्रकाची दिश्टीची चप्पल सोडून हाडली नि म्हणालो, आई, हेका बांध."

सुविधा नवऱ्याकडे बघतच राहिली. खाणीच्या त्या उतारावरून भरलेला टिपर उतरवताना महादेव मागे बांधलेल्या चपलेला हात लावल्याशिवाय गाडीत चढत नाही, हे तिला माहीत होतं. "म्हणजे म्हयनोभर तुम्ही तशेच गाडी मारतात?" तिने विचारलं. "आणि माका सांगला नाय?"

"ट्रकाक काय, ब्रेक आसत," महादेव म्हणाला. त्याचे कान धुळीखालीही लाल झालेले दिसत होते.

विनोदिनीने उपाय सांगितला, आणि त्यात रहस्य म्हणावं असं काहीच नव्हतं. जुन्या पंच्याची गाठ मारायची, भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची, थंड झाली की चघळायला द्यायची. सगळ्या चपला उंच फळीवर. चप्पल तोंडात दिसली तर मारायचं नाही, हातातली गाठ पुढे करायची. दोन महिन्यांत दात येतील आणि खोड जाईल. चपलांमागे वेड्यासारखं धावायच्या आधी दोन मिनिटं विचार केला असता तर बरं झालं असतं, असंही ती म्हणाली, पण ते नवऱ्याकडे बघून.

"हेच मी उद्या सांगणार होतो," गोकुळदास म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

महादेव अंगणात गेला. थोड्या वेळाने त्याचा फोनवरचा आवाज पडवीपर्यंत आला. तो गुरुदासशी बोलत होता, आणि रागावलेल्या माणसासारखा बोलत होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते बोलणं त्याला जमलं नसतं.

"आयतारा येव नाका रे. कुत्रो खंयच जायना. ... ना, बिगडूंक ना तो. आमीच ताका शिकयल्लां, आता आमीच ती खोड सोडवतलाव."