एक नंबर, एक माणूस

"सोमवारी दुपारपर्यंत सगळं जोडून टाकतो, आणि मंगळवारी सकाळी आपण गाडीत!" केबलराव बायकोला म्हणाले. म्हणाले ते इतक्या जोरात, की शेजारच्यांनाही सहलीचा बेत कळला.

बायको शाळेत शिक्षिका. असल्या आश्वासनांनी हुरळून जाणाऱ्यातली नव्हे! तिची धाकटी बहीण समुद्रकाठी राहायला गेल्यापासून "या की, या की" करत होती, आणि दर सुट्टीत केबलरावांची रजा ऐनवेळी रद्द होत होती. हल्ली तर मेहुणीने बोलावणंच सोडून दिलं होतं. तरी बाईंनी बॅग भरली.

"या वेळी रजा बुडाली ना, तर मी एकटी जाईन," त्या म्हणाल्या. "तुमचा टॉवेल घरीच राहील. बसा वाळत घालत!"

केबलराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. फर्निचरच्या कारखान्यातले कॉम्प्युटर ते सांभाळायचे आणि गळ्यात सदैव कुठलीतरी वायर अडकवून फिरायचे, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. कारखान्यात स्टोअरचा कॉम्प्युटर वेगळा, खरेदीचा वेगळा, गाड्यांचा वेगळा, आणि एकाचं दुसऱ्याला काही माहीत नाही. माणसांचंही तसंच! स्टोअरचे काका आणि खरेदीच्या मॅडम यांच्यामध्ये फक्त एक भिंत, पण बोलणं म्हणाल तर बंद. काकांनी गोंद मागवायचा, मॅडमनी तो आणायचा, आणि आला की नाही यावर दोघांनी मोठ्या साहेबांकडे जाऊन एकमेकांविरुद्ध तक्रार करायची. अशी कामाची पद्धत!

हे सगळं एकत्र जोडायचं काम केबलरावांकडे होतं. आणि मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "जोडणी झाली तर रजा. नाही झाली तर रजेचं नाव काढायचं नाही!"

सोमवारी मीटिंग हॉल गच्च भरला. केबलरावांनी नवा शर्ट घातला होता आणि पडदा, स्पीकर, स्वतःचा मोबाइल, जे दिसेल ते एकमेकांना जोडून ठेवलं होतं.

"आपली युक्ती अगदी सोपी आहे," ते छाती फुगवून म्हणाले. "आतापर्यंत एकच माणूस प्रत्येक खात्यात वेगळा नोंदवलेला असायचा. आता कॉम्प्युटर मोबाइल नंबर बघणार. नंबर एक, म्हणजे माणूस एक! कुठलीही विनंती थेट त्या माणसाच्या फोनवर. त्याने तिथेच हो किंवा नाही म्हणायचं!"

टाळ्या झाल्या. बटण दाबलं गेलं. सवयीने स्टोअरच्या काकांनी पहिली विनंती टाकली, गोंदाचे दहा डबे. ती मोठ्या साहेबांच्या मंजुरीला गेली. सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेब छताकडे बघत होते.

टिंग! पडद्यावर अक्षरं उमटली. 'मोठे साहेब : नामंजूर. आधीचा गोंद काय केलात?'

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हॉलमध्ये कुजबुज झाली, "बोटसुद्धा हललं नाही हो साहेबांचं!" खरं तर साहेबांना स्वतःलाही काही समजलं नव्हतं. पण असं कौतुक आयतं चालून आल्यावर कोण नाकारतो? त्यांनी नुसती मिशी सारखी केली.

खरेदीच्या मॅडमना चेव आला. त्यांनी आपल्या केबिनसाठी फिरती खुर्ची मागितली.

टिंग! 'नामंजूर. आपलाच कारखाना खुर्च्या बनवतो ना?'

हॉल हसून लोटपोट! गेली कित्येक वर्षं हे वाक्य साहेबांच्या जिभेवर होतं, पण मॅडमपुढे ते बाहेर यायला धजावत नव्हतं. साहेब खुशीत आले. तेवढ्यात एका ड्रायव्हरने निघायची परवानगी मागितली आणि उत्तर आलं, 'आधी जेवून घ्या. मग सावकाश जा.'

आता मात्र साहेबांची मिशी थांबली. "केबलराव, इतकं प्रेमाने मी कधी बोलतो का हो?"

"नाही साहेब," केबलराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग हे बोलतंय कोण?"

त्याच क्षणी केबलरावांचा मोबाइल वाजला. तो स्पीकरला जोडलेला! हॉलभर आवाज घुमला, "अहो! हे काय चालवलंय? मी बॅग भरू की तुमचा कारखाना चालवू? आता तुमची लिफ्ट मला विचारतेय, दुरुस्तीला माणूस बोलावू का म्हणून!"

केबलरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुठल्याही खात्यात कॉम्प्युटर बसवताना मोबाइल नंबरचा रकाना रिकामा सोडता यायचा नाही. नव्या ड्रायव्हरचा नंबर माहीत नाही, लिफ्टला मोबाइल नाही, आणि मोठे साहेब तर आपला नंबर कोणाला द्यायला तयार नाहीत! दरवेळी केबलराव "नंतर बदलू" म्हणायचे आणि एक नंबर टाकून मोकळे व्हायचे. त्यांना पाठ असा एकच नंबर होता. लग्नानंतर बाईंनी तो त्यांच्याकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला होता. आणि आज त्यांच्याच नियमाने साहेब, ड्रायव्हर, पहारेकरी आणि लिफ्ट मिळून एकच माणूस झाला होता. त्यांची बायको!

"म्हणजे तुमच्या सौभाग्यवती म्हणजे मी?" साहेब गरजले.

"तात्पुरत्या, साहेब..."

"जोडणी म्हणतात याला? रजा रद्द! आत्ताच्या आत्ता रद्द करा!"

कार्यालयातल्या कारकुनाने केबलरावांची रजा रद्द करायची विनंती टाकली. केबलरावांच्या डोळ्यांसमोर दोरीवर एकटाच लोंबणारा टॉवेल आला.

टिंग! 'मोठे साहेब : नामंजूर. बॅग भरून झाली आहे.'

आधी काका फिसकन हसले. मग मॅडम. आणि मग हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं! साहेबांनी रागावून बघायचा बराच प्रयत्न केला, पण मिशीच दगा देऊ लागली.

"साहेब, नमस्कार," स्पीकरमधून बाई म्हणाल्या. "एक विचारू? गोंद पाहिजे म्हणून स्टोअरचा निरोप येतो, आणि त्याच्या मागोमाग गोंद येऊन पडलाय, उचलून न्या, असा खरेदीचाही येतो. हे दोघं एकमेकांपासून लांब बसतात का?"

"एकच भिंत आहे, वहिनी," साहेब म्हणाले.

"मग हाक मारायला काय होतं? उठा बघू दोघं!"

वर्गात उठावं तसे काका आणि मॅडम उठले. काकांनी घसा साफ केला. "मॅडम, गोंद आलाय का?"

"केव्हाच आलाय, काका. तुम्ही कधी विचारलंत?"

या वेळच्या टाळ्या काही केल्या थांबेनात. साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. "केबलराव, जा तुम्ही समुद्रावर. पण परत येईपर्यंत यातलं काही बदलू नका. पहिल्यांदाच माझा कारखाना धड चालतोय!"

मंगळवारी नवराबायको गाडीत बसले. बुधवारी समुद्र! केबलरावांना आभाळ ठेंगणं झालं होतं. खांद्यावर टॉवेल टाकून ते लाटांकडे धावले आणि मागे वळून बघतात तो काय, बाई वाळूत खुर्ची टाकून फोनवर बोटं चालवत होत्या. टिंग! टिंग! मेहुणी कधीची शेजारी ताटकळत उभी.

"अगं, ये ना पाण्यात!"

"अर्ज टाका," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"काय?"

"इथे रांग आहे. सगळ्यांना तोच नियम."

केबलरावांनी ओल्या बोटांनी अर्ज टाकला. 'बायकोसोबत पाण्यात पाय बुडवण्याची परवानगी मिळावी.' बाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा सारखा करून अर्ज लक्षपूर्वक वाचला आणि उत्तर धाडलं, 'आधी स्टोअरचा शेरा आणा.'

केबलराव मुकाट्याने वाळूत बसले आणि काकांच्या शेऱ्याची वाट बघू लागले.