खांबामागची खुर्ची

मोजणीदारांनी तिकीट उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि बायकोला विचारलं, "ड स्टँडमधली सतरा नंबरची खुर्ची कुठे येते, माहीत आहे?"

"मैदानातच येत असेल," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली.

"खांबामागे येते. ते मैदान बांधलं तेव्हा जमीन मी मोजून दिली होती. सतरा ते वीस, चारही खुर्च्या छपराच्या खांबामागे. डावीकडचा गोल अजिबात दिसत नाही."

आता हा गोल काही साधासुधा नव्हता. रविवारी फुटबॉल लीगचा अंतिम सामना होता आणि मोजणीदारांची एकुलती एक मुलगी आपल्या शहराच्या संघाची गोलकीपर होती. म्हणजे अर्धा सामना ती ज्या जाळ्यापुढे उभी राहणार, तेच जाळं तिच्या बापाला दिसणार नव्हतं. तिकिटं तिनंच आणली होती. आईला एकतीस नंबर, बाबांना सतरा. "जोडीनं मिळाली नाहीत," एवढं सांगून ती सरावाला निघून गेली होती.

"अ स्टँडला पाचशे, ब ला चारशे, क ला दोनशे, ड ला शंभर," मोजणीदार बोटांवर मोजू लागले. "चेंडू एक, मैदान एक, पंच एक. पाचशेवाल्याला एका गोलाचे पाच गोल दिसणार आहेत का?"

"कमी दिसतं म्हणून कमी घेतात. सोपं आहे."

"कमी दिसतं, हे मोजलं कुणी?"

बायकोनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. या घरात हा प्रश्न विचारला गेला, की टेप बाहेर निघते, हे तिला सव्वीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. ज्या माणसानं भूमापन कार्यालयात जन्म घालवला, हातभर बांधासाठी डोकी फोडणाऱ्या सख्ख्या भावांना फूटपट्टीनं गप्प केलं, तो घरी कलिंगडसुद्धा कोन मोजून कापायचा. न्याय म्हणजे माप, असं त्यांचं साधं मत होतं. आणि ज्याचं माप नाही तो अन्याय, हे त्याच मताचं दुसरं टोक होतं.

त्यांनी दोन दिवस रजा टाकली. टेप, कोन मोजायचं यंत्र आणि पाण्याची बाटली घेऊन ते रिकाम्या मैदानात गेले आणि चारही स्टँडमधल्या खुर्च्यांवर बसून बसून मैदान किती टक्के दिसतं, ते लिहीत सुटले. राखणदारानं पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी यंत्राचा तिपाया धरून उभा राहिला. रात्री जेवताना मोजणीदारांच्या कपाळाची शीर उडत होती.

"दरोडा आहे, दरोडा," ते म्हणाले. "तो पाचशेचा अ स्टँड. सोफे टाकलेत, गालिचा अंथरलाय. पण आहे कुठे? जमिनीलगत. समोर राखीव खेळाडूंचा बाक, बाकापुढे फोटोवाले, आणि चार वाजता ऊन थेट डोळ्यांत. मैदान दिसतं एक्केचाळीस टक्के. आणि आपला ड स्टँड? उंच, ऊन पाठीशी, अठ्ठ्याण्णव टक्के. फक्त त्या खांबामागच्या खुर्च्या सोडून. माझ्या खुर्चीवरून सेहेचाळीस."

"मग शंभर रुपयांत अठ्ठ्याण्णव टक्के दिसतंय तर लोकांचं भलंच झालंय की. बसा गुपचूप."

"भलं झालं म्हणजे न्याय झाला असं नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते अहवालाच्या पहिल्याच पानावर घातलं. अहवाल अकरा पानांचा झाला, सोबत नकाशा. सूत्र त्यांनी चोख बसवलं होतं. चार दरांची सरासरी तीनशे. ज्याला पूर्ण मैदान दिसेल त्यानं तीनशे द्यावेत, ज्याला जितकं कमी दिसेल त्यानं तितके कमी. ना कुणी मोठा, ना कुणी लहान.

क्लबच्या चिटणिसांनी पहिली आठ पानं जांभया देत चाळली. नवव्या पानावर त्यांची जांभई अर्ध्यात थांबली.

"ड मध्ये खुर्च्या किती आहेत हो?" त्यांनी विचारलं.

"तीन हजार दोनशे."

"आणि अ मध्ये?"

"दोनशे चाळीस."

चिटणिसांनी मनातल्या मनात काहीतरी गुणलं, मग उठून मोजणीदारांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. "साहेब, तुमच्यासारखी तळमळीची माणसं राहिली नाहीत. आमचे डोळे उघडलेत तुम्ही. इथे एक सही करा."

मोजणीदारांनी सही केली. नंतर नकाशावरही केली. एवढा मान त्यांना खात्यात कधी मिळाला नव्हता, आणि मान मिळाला की माणूस गुणाकार करायचा विसरतो.

शनिवारी सकाळी मैदानाच्या फाटकावर फलक लागला. "मोजणीदार साहेब यांच्या शास्त्रीय मोजणीनुसार सुधारित दर," असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली, "शंकानिरसनासाठी" म्हणून त्यांच्याच घरचा फोन नंबर. अ स्टँड, एकशे तेवीस. ड स्टँड, दोनशे चौऱ्याण्णव. ज्यांनी आधीच तिकिटं घेतली आहेत, त्यांनी फरक फाटकावर भरावा.

पहिला फोन मेहुण्याचा आला. त्यानं ड स्टँडची सात तिकिटं काढून ठेवली होती.

"भावोजी, शंभराच्या तिकिटावर एकशे चौऱ्याण्णव फरक? आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला फार चांगलं दिसतं."

"मग थोडं वाईट दिसू दे की. आम्ही तक्रार केली होती का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मोजणीदार म्हणाले.

"तत्त्व तुमचं आणि खिसा माझा, असं कसं? सात माणसं आहेत माझ्या घरात."

"मग अ स्टँडला जा. माणशी फक्त तेवीस जादा पडतील. सोफे आहेत."

हा सल्ला मेहुण्यानं शेजाऱ्याला दिला, शेजाऱ्यानं गल्लीला, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत अ स्टँड खच्चून भरला. त्यामुळे जे नेहमी अ स्टँडला बसायचे ते बडे लोक उठून ड मध्ये आले. परगावच्या संघाचे पाठीराखे आजवर एकगठ्ठा क मध्ये बसत. तेही जिथे स्वस्त मिळेल तिथे पांगले. मोजणीदारांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा फोन आला तो वेगळाच. ते दहा वर्षं एकाच सोफ्यावर बसत होते. सोमवारी भेटा, एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मोजणीदारांनी फोनची वायरच काढून ठेवली.

"करायला गेलात गणपती अन् झाला मारुती," बायको म्हणाली.

"लोकांना न्याय पचत नाही, त्याला मी काय करू?" मोजणीदार म्हणाले. पण त्यांचा आवाज थोडा खाली आला होता.

रविवारी फाटकावरच्या माणसानं त्यांचं तिकीट पाहिलं, यादी पाहिली आणि म्हणाला, "सतरा नंबर. सेहेचाळीस टक्के. एकशे अडतीस होतात. अडतीस भरा."

"खांबामागे बसायचे जास्त पैसे?"

"साहेब, सूत्र तुमचंच आहे."

मोजणीदारांनी अडतीस भरले. स्वतःच्या हातानं मारलेली चपराक फार लागते, पण तक्रार कुणाकडे करायची हाच प्रश्न असतो. आत जाऊन ते सतरा नंबरच्या खुर्चीवर बसले. खांब समोर होता, रंग नवा होता. शेजारच्या अठरा, एकोणीस, वीस नंबरवर चिटपाखरू नव्हतं, कारण तिथली माणसं शहाणी होती. ती कधीच सोफ्यांवर जाऊन बसली होती. खाली अ स्टँडमध्ये मेहुणा डोळ्यांवर हात धरून उन्हाशी झटताना दिसत होता. त्याच्यापुढे फोटोवाल्यांच्या पाठींची भिंत होती. पुतण्याला खांद्यावर घेऊन तो काहीतरी ओरडत होता, आणि शब्द ऐकू येत नसले तरी ते कुणाला उद्देशून आहेत याबद्दल मोजणीदारांना शंका नव्हती.

पहिल्या अर्ध्यात मुलगी उजवीकडच्या गोलात होती. ती स्वच्छ दिसली. दोनदा झेपावली, दोनदा चेंडू पोटाशी धरला, आणि मोजणीदार छाती फुगवून शेजारच्या तिन्ही रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. मध्यांतरानंतर ती डावीकडे गेली आणि खांबानं तिला गिळून टाकलं.

ते उठून पायऱ्यांवर उभे राहिले. लगेच एक स्वयंसेवक धावत आला.

"काका, इथे उभं राहता येणार नाही."

"दोन मिनिटं. माझी मुलगी आहे तिथे."

"इथून अठ्ठ्याण्णव टक्के दिसतं, काका. तुमचं तिकीट सेहेचाळीसचं आहे. मला वरून सांगितलंय, जास्त बघितलं तर फरक घ्यायचा."

"घे ना मग. देतो."

"देऊन बसवू कुठे? अठ्ठ्याण्णववाल्या खुर्च्या भरल्यात सगळ्या."

मोजणीदार परत खांबामागे जाऊन बसले. सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी घ्यायच्या ठरल्या, आणि त्या डावीकडच्या गोलावर.

पूर्वी असतं तर न पाहताही निकाल कळला असता. ड स्टँड ओरडला तर आपली सरशी, क ओरडला तर त्यांची. पण मोजणीदारांच्या न्यायानं सगळे पाठीराखे असे कालवले गेले होते, की प्रत्येक पेनल्टीला चारी बाजूंनी सारखाच ओरडा उठत होता आणि चारी बाजूंनी सारखेच उसासे. ते खांबाला दोन्ही हात लावून उभे होते. एकदा ओरडा झाला. पुन्हा झाला. मग मैदानभर एकदम शांतता पसरली, आणि मग असा कल्लोळ उठला, की खांब हातांखाली थरथरला. आपण जिंकलो की हरलो, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त एकाच माणसाला ठाऊक नव्हतं.

बायको गर्दीतून वाट काढत आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता.

"जिंकलो. शेवटची तिनंच अडवली."

"कशी?"

"डावीकडे आडवी झेपावली. बोटांच्या टोकांनी."

मोजणीदारांना रडू आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. दोन्हींना एकाच वेळी वाट देणं त्यांना जमेना, म्हणून ते नुसते खाली बसले.

घरी मुलीनं पदक टेबलावर ठेवलं आणि ती जेवायला बसली. मोजणीदारांनी ताट बाजूला सारलं.

"पोटच्या पोरीनं शहराची लाज राखली आणि बापाला काय दिसलं? खांब. मी सोडणार नाही. त्या खुर्च्यांचे नंबर कुणी वाटले, तो माणूस मला एकदा सापडू दे."

मुलगी घास चावत राहिली. मग तिनं पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाली, "सापडलाय तो, बाबा. मीच."

"म्हणजे?"

"आम्हा खेळाडूंना कुठलीही खुर्ची निवडायला दिली होती. मी सतरा निवडली."

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. बायको वाढपात फार गुंतली होती.

"माझं चुकतं का काही?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असावा.

"तुम्ही ओरडत पण नाही हल्ली," मुलगी म्हणाली. "पण तुम्ही दिसलात ना, की मला वाटतं, तुम्ही मोजताय. मी किती पुढे आले, किती उशिरा उडी मारली. मग मी पण मोजायला लागते. आणि मोजत बसलं की चेंडू जातो. आज मला तुम्ही दिसत नव्हतात. म्हणून अडवला."

मोजणीदारांना हे लागलं. फार लागलं. पण ती खोटं बोलत नव्हती, कारण शेवटची पेनल्टी खरोखरच अडवली गेली होती आणि पदक टेबलावर होतं. त्यांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय बदलला.

नव्या हंगामात चिटणिसांनी शास्त्रीय दर रद्द केले. लोकांनी फाटक मोडल्यावर त्यांनाही जुनीच पद्धत गोड वाटू लागली. अ पाचशे, ब चारशे, क दोनशे, ड शंभर. मोजणीदार खिडकीशी पोचले तेव्हा फलकावर खाली एक नवीन ओळ होती. "ड, खांबामागील खुर्च्या: सातशेपासून पुढे."

"काहीच दिसत नाही तिथे सातशे?" मोजणीदारांचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला. "अरे, काही लाजलज्जा?"

खिडकीतला माणूस शांत होता. "मागणी आहे, साहेब. तुमच्या मुलीनं संघात सांगितलं, तेव्हापासून सगळ्या पोरींना आपापल्या बाबांसाठी त्याच पाहिजेत. परगावच्या संघाचेही निरोप आलेत. खांब एक, खुर्च्या चार. कुणाकुणाला पुरणार?"

मोजणीदारांनी मागे पाहिलं. रांगेत एक बसचालक उभे होते. त्यांची मुलगी आघाडीवर खेळायची. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती चटकन दुसरीकडे वळवली.

"शंभरात अठ्ठ्याण्णव टक्केवाली आहे एक शिल्लक," खिडकीतला माणूस म्हणाला. "देऊ?"

मोजणीदार फलक पुन्हा वरून खाली वाचू लागले. मागचे लोक कुरकुरायला लागले.

"सतरा आहे का?" त्यांनी अखेर विचारलं.

"आहे. पण खरं सांगू? तुमच्याच नकाशाप्रमाणे सतरावरून उजवा गोल दिसतो. म्हणजे तिकडून तुम्हीही दिसणार. अठरावरून कुठलाच दिसत नाही. पण अठराला आठशे आहेत."

"हा शुद्ध अन्याय आहे," मोजणीदार म्हणाले, आणि पाकीट काढून त्यांनी अठरा नंबर मागितला.