अकरा कोयत्यांचे विलगीकरण

बाभळीच्या दोन फांद्या, आडव्या. सहा फूट. हॅण्डवॉशच्या बाटलीत कपड्याच्या साबणाचे पाणी. तिसरीच्या फळ्यावर अजून १६ मार्च. दीड वर्षाची मंजुषा, आजीच्या कडेवर. चौदा दिवस.

साथीचा मुकाबला औषधाने होत नाही, यादीने होतो. यादी बिनचूक असली की विषाणू आपोआप ओशाळतो. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावाने हे फार लवकर ओळखले.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची टोळी परतली, तेव्हा वेशीवर गावच्या कोरोना समितीचे अध्यक्ष अर्जुनराव वही घेऊन उभे होते. (मास्क हनुवटीला होता. सूचना तोंडाने द्यायच्या असल्याने तोंड मोकळे ठेवणे भाग होते.)

"किती हायत बे?"

"अकरा कोयते," मुकादम बंकट म्हणाला.

अर्जुनरावांनी ११ लिहिले. बंकट खोटे बोलला नव्हता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवते, आणि दोघांचा मिळून एक कोयता होतो. मुकादम वर्षानुवर्षे असेच मोजत आला आहे. विलगीकरणासाठी शाळेत बावीस माणसे शिरली. वहीत अकरा.

पुढचे सारे वहीप्रमाणे झाले. मास्क अकरा आले. (सकाळी नवऱ्याने, दुपारनंतर बायकोने.) दोन कोयत्यांमध्ये सहा फूट अंतर राखले गेले, कोयत्याच्या आतले अंतर हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न. ताप रोज अकरा जणांचा मोजला. ताप मोजलेल्या बायका: शून्य. ताप आढळलेल्या बायका: शून्य. या आकड्यांबद्दल वरून शाबासकी आली.

टोळीतल्या जानकीबाईला याचा अभिमान वाटायला हवा होता. तिचे लक्ष कुंपणाबाहेर. उसाच्या फडावर जाताना, ऑक्टोबरात, तिने मंजुषाला सासूकडे ठेवले होते. सासू वत्सलाबाई रोज संध्याकाळी नातीला कुंपणापर्यंत आणत आणि नात कुंपणाकडे पाठ करी. चौदा दिवस झाले की तिला उचलून घ्यायचे, म्हणून जानकीबाई बोटांवर दिवस मोजत होती. (ही पद्धत समितीला मान्य नव्हती.)

पंधराव्या दिवशी अकरा दाखले वाटण्यात आले. जानकीबाईचा नवरा गहिनीनाथ याला एक मिळाला.

"आन् माजा?"

"तुजं नाव वहीत न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"मंग?"

"मंग तू गावात आलीच न्हाईस."

"आलेच न्हाई तर आडवता कावून, आबा?"

अर्जुनरावांकडे उत्तर होते. न आलेल्या माणसाला सोडता येत नाही. सोडायचे तर आधी आत घ्यावे लागते. आत घेतले की चौदा दिवस.

गहिनीनाथने आपला दाखला पुढे केला. "हिला जाऊ द्या. म्या ऱ्हातो."

"येडा हायस का बे? तुजे चौदा झाले. ती आजच आली. तुला लागंल न्हवं तिचं!"

त्याला तातडीने तिच्यापासून दूर करण्यात आले. (तिचा दुपारचा मास्क त्याच्याच खिशात गेला.)

अकरा बायकांची दुसरी यादी झाली. घरी पाचव्या दिवशी मंजुषा बापाच्या हातून जेवली. अकराव्या दिवशी, कुंपणातली बाई हाका मारू लागली की ती बापाच्या मानेत तोंड लपवू लागली. अठ्ठावीस दिवस भरले. जानकीबाई बाहेर आली, तिने साबणाने वीस सेकंद हात धुतले आणि पुढे केले. मंजुषा किंचाळून रडली. मास्कमुळे आईचा चेहरा दिसला नसेल, असे समितीने नमूद केले.

समितीला 'कोरोना योद्धा' सन्मानपत्रे मिळाली. वाचकहो, आपलेही समाधान झालेच असेल. अर्जुनरावांना जे मोजायला पंधरा दिवस लागले ते आपण पहिल्याच दिवशी बरोबर मोजले होते: अकरा बाप्ये, अकरा बाया, एकूण बावीस.

शाळेत टोळीची सात लेकरेही होती.